एस.वाय.ला फिजिक्स, घरात लॅपटॉप नाही आणि संशोधन करायचंय

पत्र: मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर फिजिक्स. पहिल्या वर्षाचा सीजीपीए ८.२. आम्ही पूर्व भागात राहतो. बाबा यंत्रमागावर कामाला जातात, आई विड्या वळते. घरी लॅपटॉप नाही. मला संशोधनात जायचंय, पण सुरुवात कुठून करू? मायनरला गणित घेऊ की इलेक्ट्रॉनिक्स? एक सिनियर म्हणतो, आत्ताच एखादा पेपर छापून टाक, पुढे उपयोगी पडतो. मैत्रीण जॅमच्या, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेच्या, क्लाससाठी पुण्याला चल म्हणते. चौथं वर्ष करावं का? बाबांचं म्हणणं, बी.एड. कर, नोकरी तरी लागेल.
– एस.वाय.ची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर:

मायनरला गणित घे. हे आधी सांगतो, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी यावर उभ्या आहेत.

टी.वाय.ला क्वांटम मेकॅनिक्स येतं, तेव्हा आयगेनव्हॅल्यू, फूरिए सिरीज, काँप्लेक्स नंबर आणि डिफरन्शियल इक्वेशन या चारही गोष्टी एकदम हाताशी लागतात. अभ्यासक्रमात मात्र गणिती पद्धतींचा पेपर बहुतेक वेळा त्याच सत्रात असतो, नाहीतर नंतर. मग हायड्रोजन अणूचं समीकरण तीन भागांत वेगळं करायची पायरी आली की मुलं ती पानंच्या पानं पाठ करतात. परीक्षेत मार्क पडतात, पण तोच प्रश्न चौकोनी पेटीऐवजी गोल पेटीत विचारला की हात थांबतो. गणित सहा महिने पुढे असेल तर ही वेळ येत नाही. इलेक्ट्रॉनिक्स वाईट नाही. पण डायोड, ऑप-अँप, रेक्टिफायर मेजरच्या प्रॅक्टिकलमध्ये येतातच, आणि त्यापुढचं सोल्डरिंग करता करता शिकता येतं. लिनियर अल्जेब्रा असा जाता-येता शिकता येत नाही. तुमच्या कॉलेजात मायक्रोकंट्रोलरची चालू लॅब आणि त्यात रमणारे सर असतील, आणि तुला उपकरणं बनवायचीच ओढ असेल, तरच उलटा विचार कर. मग गणित स्वतःचं स्वतः करावं लागेल, हे धरून चाल.

दिवाळीपर्यंत वेक्टर कॅल्क्युलस पक्कं कर: ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल, गाऊस आणि स्टोक्सची प्रमेयं. सोबत दुसऱ्या क्रमाची, स्थिर सहगुणकांची डिफरन्शियल इक्वेशन. मंदावत जाणारं आंदोलन आणि एलसीआर सर्किट यांचं समीकरण एकच आहे. एकदा नीट सोडवलं की दोन पेपरांत उपयोगी पडतं. दिवाळी ते मार्च मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू आणि फूरिए. उन्हाळ्यात व्हेरिएबल वेगळे करून पार्शल डिफरन्शियल इक्वेशन सोडवायची पद्धत. प्रत्येक विषयाची तीस-चाळीस उदाहरणं हाताने सोडव. उत्तर पाहण्याआधी किमान वीस मिनिटं अडून राहायचं, आणि चूक कुठे झाली ते वेगळ्या वहीत एका ओळीत लिहायचं. महिन्याभरात त्या वहीत त्याच तीन-चार चुका परत परत दिसतील. चिन्हाची चूक, घन-कोनातला साइन विसरणं, सीमा-अटी शेवटी लावण्याऐवजी मध्येच लावणं, या नेहमीच्याच.

पाया झालाय की नाही याची एक सोपी चाचणी आहे. विद्युतभार दिलेल्या पोकळ गोलाच्या आत आणि बाहेर विद्युत क्षेत्र किती, ते एकदा गाऊसच्या नियमाने काढ, एकदा थेट इंटिग्रेशन करून. गाऊसने दोन ओळींत होतं. इंटिग्रेशनने पान भरतं, आणि आतल्या बिंदूला वर्गमूळाचं चिन्ह चुकलं की शून्य येत नाही. दोन्हीकडून तेच उत्तर आलं तर पुढे जा.

आता प्रॅक्टिकल. यावर जास्त बोलायचंय, कारण संशोधनाची सवय लागते ती इथे, आणि मोडतेही इथेच. कुणाचीही प्रॅक्टिकलची वही उघड, साध्या लंबकावरून काढलेलं ‘जी’, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, ९.८ च असतं. कारण वाचन तसं येतं हे नाही. कारण उत्तर आधी माहीत असतं आणि वाचनं त्याला जुळवून घेतली जातात. एकदा खरा हिशेब करून बघ. लांबी १ मीटर, २० आंदोलनं, म्हणजे साधारण ४० सेकंद. स्टॉपवॉच दाबताना आणि थांबवताना मिळून ०.२ सेकंद इकडे-तिकडे होतात, म्हणजे आवर्तकालात अर्धा टक्का. ‘जी’च्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून तिथे १ टक्का. उत्तर ९.७ ते ९.९ मध्ये कुठेही येऊ शकतं, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. लांबीत २ मिलिमीटरची चूक धरली तरी ती ०.२ टक्केच. म्हणजे लांबी अधिक बारीक मोजण्यात वेळ घालवून काही मिळत नाही. आंदोलनं २० ऐवजी ५० घेतली की मात्र वेळेमुळे येणारी चूक ०.४ टक्क्यांवर उतरते. तिथे पोचलं की दुसरी गोष्ट डोकं वर काढते: लंबक १० अंशांपर्यंत खेचून सोडला असेल तर आवर्तकाल ०.१९ टक्के वाढतो, आणि ‘जी’ जवळजवळ ०.४ टक्के कमी येतं. ५ अंशांच्या आत ठेवलं तर हाच परिणाम ०.१ टक्का. आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, हुकापर्यंत नाही. गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर असेल आणि ती धरायची राहिली, तर सगळी मेहनत १ टक्क्याने चुकते.

आणखी एक. ९.८१ हा आकडा साधारण ४५ अक्षांशाजवळचा आहे. सोलापूर १७.७ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर. इथलं ‘जी’ ९.७८ च्या जवळ आहे. सोलापुरात बसून ९.८१ ला जुळवून घेणारा विद्यार्थी इथली पृथ्वी मोजतच नाही. तुझं उत्तर ९.७४ अधिक-उणे ०.०४ आलं तर तसंच लिही. मार्क कापले गेले तर चूक कशी काढली ते शांतपणे सरांना दाखव. शिफारसपत्रात लिहायला शिक्षकांना असंच काहीतरी लागतं.

हीच शिस्त घेऊन एक छोटा प्रकल्प कर. पेपरसाठी नाही, मोजायला शिकण्यासाठी. सोलापुरात ऊन फुकट आहे, तेव्हा सोलर पॅनल घे. १० वॅटचं, ३६ सेलचं छोटं पॅनल चालेल. त्याचा ओपन सर्किट व्होल्टेज २१-२२ व्होल्ट, शॉर्ट सर्किट करंट ०.६ अँपिअरच्या आसपास असतो. कॉलेजमधला १०० ओहमचा रिओस्टॅट, १ अँपिअर पेलणारा, दोन मल्टिमीटर, आणि तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर, सोबत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि आर्डुइनो, म्हणजे सेन्सर वाचणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. आधी नेहमीचा करंट-व्होल्टेज आलेख काढ. रिओस्टॅट शून्यापासून वाढवत पंधराएक वाचनं, दोन मिनिटांच्या आत. जास्तीत जास्त पॉवर ३० ओहमच्या जवळ मिळायला हवी. वेळ लागला तर मध्येच ढग येतो आणि आलेखात पायरी पडते. इथे एक गोष्ट नेहमी बिघडते: करंट मोजताना मल्टिमीटरची वायर मिलिअँपिअरच्या भोकात राहते आणि आतला फ्यूज उडतो. १० अँपिअरचं भोक वापर.

खरी मजा तापमानात आहे. दुपारी बारा-साडेबाराला, आभाळ स्वच्छ असताना, पॅनल जाड कापडाने झाकून सावलीत गार होऊ दे. मग उन्हात ठेव, कापड काढ आणि दर ३० सेकंदांनी ओपन सर्किट व्होल्टेज आणि तापमान लिही. पंधरा-वीस मिनिटांत पॅनल ३२-३५ अंशांवरून ६० च्या आसपास जातं. एवढ्या वेळात मध्यान्हीचं ऊन फारसं बदलत नाही, म्हणून व्होल्टेज पडतो तो तापमानामुळेच. सिलिकॉनच्या एका सेलला अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट, ३६ सेलना सुमारे ७२. पंचवीस अंश चढले की पावणेदोन-दोन व्होल्ट गेले. मे महिन्यात आपल्या छतांवरची पॅनलं कडक ऊन असूनही अपेक्षेपेक्षा कमी वीज का देतात, त्याचं एक कारण हेच. आतलं कारण टी.वाय.च्या सॉलिड स्टेटमध्ये भेटेल: तापमानाबरोबर सेमिकंडक्टरमधले स्वतःचे इलेक्ट्रॉन-होल झपाट्याने वाढतात, उलटा गळतीचा करंट वाढतो आणि व्होल्टेज खाली येतो.

सेन्सर मागे नुसता चिकटपट्टीने लावला तर तो पॅनलचं नाही, वाऱ्याचं तापमान सांगतो. थर्मल पेस्ट लाव, वरून थर्मोकोलचा तुकडा बसव. तरीही पहिली दोन-तीन मिनिटं सेल पुढून तापतो आणि मागचा सेन्सर मागे राहतो, त्यामुळे आलेखाची सुरुवात वाकडी येते. त्यासाठी गार होतानाही वाचन घे. पॅनल झाकून ठेव, दर मिनिटाला कापड क्षणभर उचल, व्होल्टेज वाच, पुन्हा झाक. चढतानाची आणि उतरतानाची रेघ वेगळी पडेल. खरी रेघ दोन्हींच्या मध्ये असते, आणि दोन्हींतलं अंतर ही तुझी चूक. व्होल्टेज आर्डुइनोवर घ्यायचा मोह होईल. तो यूएसबीच्या पुरवठ्यालाच ५ व्होल्ट समजतो, आणि तो पुरवठा ४.७ ते ५.१ मध्ये हलत असतो, त्यामुळे तापमानाच्या परिणामाबरोबर भलतंच काही मोजलं जातं. व्होल्टेज मल्टिमीटरवरच घे. पावसाळ्यात हे होणार नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पहिली फेरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी.

लॅपटॉप नाही याची लाज किंवा भीती नको. पायथॉनचे प्रोग्राम चालवायचं गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला कुठलाही इंटरनेट असलेला संगणक पुरे. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तास मागून घे; विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज दिला तर सहसा मिळतात. पायथॉनचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायच्या भानगडीत पडू नकोस. तोच लंबक घे, ६० अंशांवरून सोड, ०.०१ सेकंदाच्या पावलांनी सोडव. आवर्तकाल छोट्या कोनाच्या सूत्रापेक्षा ७.३ टक्के जास्त यायला हवा. साध्या ऑयलर पद्धतीने केलंस तर लंबकाची ऊर्जा आपोआप वाढत जाईल आणि झोके मोठे होत जातील. तिथे घाबरू नकोस. आधी नवा वेग काढ आणि मग त्या नव्या वेगाने नवी जागा काढ. दोन ओळींची अदलाबदल केली की ऊर्जा ताब्यात राहते. का, हे शोधण्यात एक आठवडा गेला तरी चालेल.

वातावरणाकडे ओढा असेल तर सोलापूर ही तशी साधी जागा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांत बीज पेरण्याचे कायपीक्स प्रयोग आपल्याच पर्जन्यछायेच्या भागात केले. हवामान खात्याची रोजच्या पावसाची जाळीवार आकडेवारी विनामूल्य उतरवून घेता येते. सोलापूर जिल्ह्यातले कोरडे दिवस सलग किती येतात, याचं वितरण काढणं हे पायथॉन शिकलेल्या एस.वाय.च्या मुलीच्या आवाक्यातलं काम आहे.

आता पेपर. सिनियरचं ऐकू नकोस. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं खूप आहेत, आणि निवड समितीतली माणसं ती ओळखतात. असा पेपर अर्जावर असला की फायदा सोडच, शंका येते. आपल्या भागात असे पेपर बहुतेक नॅनोकणांवर निघतात: नमुना बनवला, एक्सआरडी (क्ष-किरणांचा आलेख) काढली, त्यातल्या शिखराच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने कणांचा आकार काढला, संपलं. त्या एका सूत्रात तीन ठिकाणी पाय घसरतो. शिखराची रुंदी रेडियनऐवजी अंशांत ठेवली की उत्तर ५७ पट चुकतं. कोसाइनमध्ये थीटाऐवजी आलेखावरचा दोन थीटा जातो. आणि यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली नाही तर कण आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. हे तीन प्रश्न मनात ठेवून कुणाचाही प्रकल्प अहवाल वाच, कोणी मन लावून काम केलंय ते लगेच कळेल.

मात्र पातळ थरांचं काम म्हणून हलकं समजू नकोस. कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात त्याची जुनी परंपरा आहे, आणि सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या आवारात ते चालतं. उन्हाळ्यात पहिला दरवाजा तिथलाच ठोठाव. घरून रोज जाता येतं, राहण्याचा खर्च नाही. झिंक ऑक्साइडचा थर सिलार पद्धतीने, म्हणजे काच आळीपाळीने अमोनियायुक्त झिंकच्या द्रावणात आणि गरम पाण्यात बुडवून, बनवायला महागडं यंत्र लागत नाही. थर भुकटीसारखा सुटून येत असेल तर बहुतेक वेळा काच तेलकट राहिलेली असते, किंवा दोन बुडव्यांच्या मध्ये धुणं कमी पडलेलं असतं. बँड गॅप ३.२-३.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास यायला हवा. बरंच वेगळं काही आलं तर नवा शोध समजण्याआधी टाउक आलेखावर, म्हणजे ज्यावरून बँड गॅप काढतात त्या आलेखावर, सरळ रेघ कुठून कुठपर्यंत ओढली ते पाहा.

बाहेरच्या संधींत तारखा आपल्या परीक्षांवर येऊन आदळतात, म्हणून सांभाळ. तीन विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या समर रिसर्च फेलोशिपचे अर्ज साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये भरले जातात, म्हणजे सत्र परीक्षेच्या ऐन तोंडावर. शिफारस देणाऱ्या सरांना गणपतीतच सांगून ठेव, सोबत लंबकाचा तो हिशेब आणि गुणपत्रिका दे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस कार्यक्रम पदवीच्या मुलांसाठीच आहे. जानेवारीत, आपल्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची, म्हणजे आयएपीटीची, नॅशनल ग्रॅज्युएट फिजिक्स परीक्षा असते. ती यंदाच दे. आयुका, एनसीआरए, टीआयएफआर या संशोधन संस्थांच्या उन्हाळी कार्यक्रमांत कोणत्या वर्षाच्या मुलांना घेतात, ती ओळ सगळ्यात आधी वाच. चुकीच्या वर्षाचा अर्ज न वाचताच बाजूला जातो.

प्राध्यापकांना ईमेल लिहिताना शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नकोस. पाच-सहा जण निवड. प्रत्येकाचा एक पेपर काढून किमान प्रस्तावना आणि आलेख समजतील इतका वाच, आणि त्यातला एक खरा प्रश्न विचार. तू कोण, काय मोजलंयस, कोणत्या तारखांपासून किती आठवडे येऊ शकतेस, बस. दीडशे शब्दांत मावतं. सोबत गुणपत्रिका आणि पॅनलच्या प्रकल्पाचा दोन पानी अहवाल. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण कर.

जॅमसाठी आत्ता पुण्याला जाऊ नकोस. परीक्षा तीन तासांची, ६० प्रश्न, १०० गुण, फेब्रुवारीत होते. उणे गुण फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना आहेत. आकडा लिहायच्या आणि अनेक पर्यायांच्या प्रश्नांना नाहीत. जुने पेपर मोफत मिळतात. एस.वाय. संपल्यावर, मे महिन्यात, एक पेपर घड्याळ लावून सोडव. मॉडर्न फिजिक्स आणि सॉलिड स्टेट सोड, ते अजून झालेलं नसेल. मेकॅनिक्स, आंदोलनं, विद्युतचुंबकत्व आणि थर्मोडायनॅमिक्सचे निम्मे प्रश्न सुटले तर टी.वाय.ला घरी बसून तयारी होते. नाही सुटले तर उणीव पायात आहे, आणि दोन महिन्यांचा क्लास ती भरून काढत नाही. त्या फीच्या पैशांत पॅनल, सेन्सर आणि पुण्याच्या दोन-तीन खेपा होतात.

चौथं वर्ष करायचं की नाही, हे आज ठरवू नकोस. चौथ्या वर्षात संशोधनासह ऑनर्स करायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि तशा चार वर्षांच्या पदवीवरून पीएच.डी.च्या प्रवेशाला थेट पात्र होता येतं. ८.२ टिकवलास तर ही वाट उघडी आहे. पण ते वर्ष चांगलं ठरतं ते कॉलेजात चालू उपकरणं आणि वेळ देणारे मार्गदर्शक असतील तरच. जॅममधून चांगल्या ठिकाणी दोन वर्षांची एम.एस्सी. मिळत असेल तर तीन वर्षांवर पदवी घेऊन जाणं आम्हाला जास्त बरं वाटतं. पाचव्या सत्रात चौथ्या वर्षाच्या मुलांना लॅबमध्ये जाऊन भेट. त्यांचं रोजचं काम काय चालतं ते पाहिलंस की उत्तर मिळेल.

राहिले बाबा. त्यांची काळजी खरी आहे, ती मोडून काढू नकोस. तीन वर्षांची बी.एस्सी. झाल्यावर बी.एड.चा रस्ता खुलाच राहतो, आणि मायनरचं गणित तिथेही कामी येतं; शाळांना विज्ञान आणि गणित दोन्ही शिकवणारी माणसं लागतात. त्यांना एवढंच सांग की टी.वाय.च्या मार्चपर्यंत वेळ द्या, जॅमचा निकाल आला की बसून ठरवू. आणि ऑक्टोबरमध्ये पॅनल गच्चीवर लावशील तेव्हा स्टँड त्यांच्याकडून बसवून घे. दक्षिणेकडे तोंड, साधारण १८ अंशांचा उतार, आणि वाऱ्याने हलणार नाही असा.